नारिंगी फीत

हडसनकाठ,
रविवार, ३ डिसेंबर २०२३

प्रिय मंदे,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपले शास्त्रीबुवा म्हणायचे, पत्रात 'विनंती विशेष' लिहायचं आणि पुढे काहीच मागायचं नाही, याला मराठी विनय म्हणतात. माझी विनंती खरोखरच आहे, पण सध्या ती अध्याहृत ठेवते. वाक्यात न लिहिलेलं शोधून काढायची तुला शाळेपासून खोड आहे. सापडेल.

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. डब्याला तू अशी काही चिकटपट्टी गुंडाळली होतीस की सुरी, कात्री आणि अखेर दात, अशा चढत्या क्रमानं मला युद्ध करावं लागलं. हळकुंडं वासासकट आली. स्वयंपाकघरात वाई शिरली. त्याखाली लाल कानटोपी, वेसरावांसाठी. गोंडा जरा जास्तच भरला आहे, पण सव्वासहा फुटी माणसाला शोभेल. आणि टोपीच्या आत घडी करून ठेवलेलं तुझं पत्र, 'माननीय श्री. वेसराव ऑस्टरहाउट यांस'. 'राव' तू जोडलंसच होतंस; 'माननीय' मात्र त्यांना कुणी आजवर म्हटलं असेल असं वाटत नाही. तीस वर्षं शाळेची बस चालवली त्यांनी.

इकडचं सांगायचं तर डोंगर आता पार उघडे पडलेत. तुला दाखवलेला तो लाल-पिवळा थाट दोन दिवसांच्या वाऱ्यानं उतरवला आणि शहरातून आगगाडी भरभरून येणारे पानबघे आपापल्या घरी गेले. (तीन आठवड्यांत तूही त्यांना नावं ठेवायला लागली होतीस, स्वतः पानबघी असून!) सफरचंदांच्या वाडीत आता नाताळची झाडं विकतात. सकाळी नदीच्या कडेला बर्फाची साय धरते. माझ्या वर्गात या सत्रात तीनच विद्यार्थी उरले. एकीला आसनांची नावं नीट म्हणता यायला हवीत, एकाला दंडावर गोंदवायचं वाक्य तपासून हवंय, आणि तिसरा खरंच शिकतो. मला त्या तिसऱ्याची भीती वाटते.

बाकावर बसून तू पाहिलेला ओंडका आठवतो? पहिल्याच दिवशी. मी तुला ऐटीत सांगत होते की ही नदी उत्तरेकडून येते, शहराला वळसा घालून समुद्राला मिळते, आणि तू मध्येच म्हणालीस, "वासू, तुझी नदी उलटी चाललीय गं. तो ओंडका बघ." समुद्राची भरती इतक्या आतपर्यंत येते आणि नदी दिवसातून दोनदा मागे फिरते, हे मला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. पुस्तकातून. डोळ्यांनी पाहिलं ते तुझ्या ओंडक्यामुळे. मग तू विचारलंस, "एवढं पाणी, आणि एक घाट नाही? लोक नदीला भेटतात तरी कुठं?" मी म्हटलं, मोटारीच्या खिडकीतून. तू हसलीस. मी विनोद केला नव्हता.

आता वेसराव. घोट्याचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात आणि काठीला शिव्या देतात. परवा गुरुवारी सूप घेऊन गेले होते. म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीनं मला मूठभर काहीतरी दिलं होतं ना, ते अजून चालू आहे."

"कुठं?"

"जिभेवर. तिला म्हणावं, पुढच्या वेळी अर्धीच मूठ."

तुझा चिवडा, मंदे. पंचाहत्तरीच्या माणसाला तू तिखट चिवडा दिलास, आणि तो आठवण काढतोय.

एक गोष्ट मात्र मी तुला फोनवर सांगितली नाही. येत्या बुधवारी आमच्या चालण्याच्या मंडळाची वर्षाची सभा आहे आणि त्या सभेत वेसराव शिट्टी खाली ठेवणार आहेत. गळ्यातली ती पितळी शिट्टी. एकतीस वर्षं दर बुधवारी ते पुढं चालले; त्यांच्या मोजणीत एकही माणूस डोंगरावर राहिला नव्हता. यंदा राहिला. पुढाऱ्यानं माणसं मोजायची, हा नियम त्यांनीच केलेला, म्हणून कुणी न विचारताच त्यांनी मंडळाला चार ओळी लिहून दिल्या: मोजणी माझी होती, चूक माझी आहे. शिट्टी कॉन्स्टन्सकडे जाईल. तुझ्या त्या 'दोन काठ्यांच्या बाई'.

तू म्हणशील, मग माझं पत्र आधी पोचव! चूक माझी होती हे कळलं की झालं. तेच तर तू लिहिलं आहेस. तुझंच वाक्य तुला दाखवते:

'मी दगडावर बसले असता मला डुलकी लागली. रक्तदाबाच्या गोळीनं लागते. वासूनं हाका मारल्या त्या मला ऐकू आल्या नाहीत. जाग आल्यावर घाबरून मी वाट सोडली आणि माझ्या एका डुलकीपायी आपला पाय मोडला. पाहुण्यानं यजमानाला दुखवलं तर त्याच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आमची आजी म्हणायची. मी तर आपल्या नदीचं पाणी बाटलीत भरून आणलं आहे. ते कृष्णेत सोडावं की परत पाठवावं, हे आपण सांगाल तसं करीन.'

याचं इंग्रजी करून मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा तुझा हुकूम. मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेऊन पोट भरते. भाष्यकारांच्या दोन-दोन पानी समासांना मी कधी घाबरले नाही. तुझं पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्यापाशी, 'वासूनं हाका मारल्या', मी परवापासून बसले आहे. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. सगळं शुद्ध आहे.

भात लागल्याचा वास येतोय. उरलेलं उद्या.


बुधवार, ६ डिसेंबर, संध्याकाळ

भात लागला नव्हता. मी काही शिजतच ठेवलं नव्हतं.

मंदे, मी हाका मारल्या नाहीत. तुला डुलकी लागली असेल-नसेल, ते तुझं तुला माहीत. पण त्या डुलकीत तू माझी एकही हाक चुकवली नाहीस, कारण ती नव्हतीच.

आता सगळं सरळ सांगते. अन्वय लावायचं काम तुझ्यावर टाकत नाही.

माझ्या पाठपिशवीला नारिंगी फीत बांधली होती, ती तुला आठवत असेल. "घोड्याला बांधतात तशी काय गं?" असं तू विचारलं होतंस. ती शेवटून चालणाऱ्याची खूण. पुढं वेसराव, मागं फीत, बाकीचे मध्ये. फीतवाल्यानं कुणाच्याही पुढं जायचं नाही. कुणी बसला तर थांबायचं, कुणी झुडपाआड गेला तर पाठ करून उभं राहायचं. जिथं वाट फुटते तिथं वेसराव थांबतात आणि फीत दिसली की हात वर करून पुढं निघतात. फीत दिसली म्हणजे सगळे आले. आणि खाली उतरल्यावर फीतवाल्यानं म्हणायचं, 'मीच शेवटची.' मग ते वाहनतळावरच्या पेटीतल्या वहीत परतल्याची वेळ लिहितात. त्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नाही. ती फीत मला मिळावी म्हणून मी अकरा वर्षं या मंडळात चालले होते.

त्या बुधवारी तू सुती साडी गुडघ्याच्या खाली खोचून आलीस, पायात माझे बूट, डोक्याला मफलर. वाहनतळावर उतरल्या-उतरल्या तू सगळ्यांना चिवडा वाटलास. कॉन्स्टन्सला मुलं किती विचारलंस, ती 'एकही नाही' म्हणाली तर तिच्या दंडावर थोपटून मराठीत म्हणालीस, "असू दे, बाई, सगळ्यांचं सगळं होत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हवा छान आहे म्हणतेय."

मला लाज वाटत होती, मंदे. तुझी. हे वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले.

कड्यावर पोचलो. खाली ती सगळी नदी, दोन्ही काठ पेटल्यासारखे, आणि आमची माणसं नेहमीसारखी गप्प उभी. इथं सौंदर्य पाहताना गप्प राहतात. ते मी शिकले होते. तू हात जोडलेस आणि मोठ्यानं तो श्लोक सुरू केलास. सगळ्या नद्यांना एका तांब्यात बोलावणारा, आपण गणपतीघाटावर थंडीत दात वाजवत म्हणायचो तो. आणि शेवटच्या नदीला वगळून तिच्या जागी तू हिला बसवलंस. 'हड्सने!' आकारान्त स्त्रीलिंगी, संबोधनाचं एकवचन. अनुष्टुभाची अक्षरं बरोब्बर बसली. ती बसली हे मला त्याच क्षणी कळलं, आत कुठंतरी टाळीही पडली. आणि तू वळून म्हणालीस, "वासू, तू पण म्हण ना!"

कॉन्स्टन्सनं हळूच विचारलं, "काय म्हणतेय ती?"

मी म्हटलं, "गावाकडचं काहीतरी. मला येत नाही."

या खोऱ्यात संस्कृत येणारी मी एकटी, मंदे. तेच माझं अन्न. आणि मी म्हटलं, मला येत नाही.

उतरताना तुझा गुडघा धरला. तू त्या उभ्या फुटलेल्या मोठ्या दगडावर बसलीस. मी शेजारी उभी राहिले, नियमाप्रमाणे. तू म्हणालीस, "मन्दाकिनी म्हणजे सावकाश जाणारी. वडिलांनी नाव ठेवताना गुडघे बघितले होते वाटतं." हा विनोद माझा होता, सातवीतला, आणि तो तू चाळीस वर्षं जपून वापरतेस. मी हसले नाही. कारण पुढच्या वळणावर कॉन्स्टन्स माझ्यासाठी थांबली होती. तिनं इकडच्या उच्चारात हाक मारली, "वासांती, येतेस? मला तुझ्याशी केव्हापासून बोलायचंय."

एकाच महाविद्यालयात आम्ही वीसेक वर्षं काढली. ती इतिहासाची, निवृत्त होईपर्यंत मला जिन्यात मान हलवून ओळख देणारी. तिच्या घरी गुरुवारी वाचनाची बैठक भरते. तिथं जाणारे लोक बाहेर आल्यावर थोडे उंच दिसतात.

मी तुला म्हटलं, "बस इथं. मी आलेच."

आणि पाठीवर फीत घेऊन पुढं गेले.

वाट फुटते तिथं वेसराव उभे होते. त्यांना फीत दिसली. त्यांनी हात वर केला आणि निघाले. मी काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, ती येईलच मागून, आता दिसेल, त्या झाडामागून दिसेल. तू दिसली नाहीस, आणि कॉन्स्टन्स मला विचारत होती की मी बैठकीत एखादं नाटक वाचून, समजावून सांगेन का. मला सांगायला आवडलं असतं की मला तुझा विसर पडला. तसं झालं नाही. दर दहा पावलांना आठवण होत होती.

चार वाजता वाहनतळावर पोचलो. वेसराव वही घेऊन उभे. "वासांती?"

"मीच शेवटची."

"आणि तुझी मैत्रीण?"

"गाडीत बसलीय. पाय दुखतात."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण कॉन्स्टन्स शेजारी बूट सोडत बसली होती, आणि फीतवालीनं माणूस मागं सोडला हे तिच्यादेखत म्हणणं मला जमेना. ठरवलं होतं, सगळे पांगले की धावत वर जाईन, तुला घेऊन येईन, कुणाला कळणार नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "चल, कॉफी घेऊ, बोलणं अर्धं राहिलं."

मी गेले. सफरचंदाचा रस काढतात त्या गिरणीच्या उपाहारगृहात, खिडकीशी. पाऊण तास. मध्ये तिनं विचारलं, "तुझ्या मैत्रिणीला आत बोलव ना." मी म्हटलं, "झोपलीय." पुढचं सभेत आलंच, तेव्हा सांगेन.

वर पोचले तेव्हा सहा वाजायला आले होते आणि दगड रिकामा होता. तू दीड तासावर वाट बघितलीस आणि मग उठलीस, बरोबर? झाडांवर वाटेची पिवळी खूण रंगवलेली असते. त्या दिवसांत सगळंच पिवळं. तू कुठल्या पानाला खूण समजलीस कोण जाणे. खरं सांगू, तिथंही मी हाका मारल्या नाहीत. मी वेसरावांना फोन केला. मदतपथकाला केला असता तर नोंद झाली असती. त्यांना केला, कारण ते प्रश्न विचारत नाहीत. मंगळवारीच पंचाहत्तर पूर्ण केलेला माणूस वीस मिनिटांत कंदील घेऊन आला. मी म्हटलं, "ती पुन्हा वर गेली, बहुतेक बाटली विसरली होती." ते "बरं" म्हणाले.

आणि तू सापडलीस तेव्हा, त्यांच्या खांद्याला धरून लंगडत येताना, तू काही बोलायच्या आत मी ओरडले. "किती हाका मारल्या तुला! वाट का सोडलीस?" तू म्हणालीस, "चुकलं गं." मग शेवटच्या उतारावर त्यांचा पाय ओल्या पानांवरून गेला, आणि घोट्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला.

त्या एका 'चुकलं गं'वर तू पंधरा दिवस माझ्या घरी अपराध्यासारखी वावरलीस. भांडी घासू दिली नाहीस मला. विमानतळावर म्हणालीस, "माझ्यामुळे तुझी तुझ्या लोकांत मान खाली गेली." आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवून म्हटलं, "जाऊ दे आता." उदार झाले.

सोमवारी टोपी घेऊन वेसरावांकडे गेले. पत्र नेलं नाही. त्यात माफी मागणारा माणूस चुकीचा होता. ते स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर टाकून बसले होते. वर जे तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, उभ्यानंच. ते टोपी हातात फिरवत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"ती सापडली तेव्हापासून. मला धरून खाली येताना ती तेवढंच इंग्रजी बोलत होती. 'वासू सांगितलं, बस. वासू येणार.' दहा वेळा तरी. मी ओरडा करीन अशी भीती वाटली असेल, तर तुझी बाजू घेत होती."

मी खाली बसले.

"ती सापडली कशी, विचारलंस का कधी?" ते म्हणाले. नव्हतं विचारलं. "ती काहीतरी म्हणत होती मोठ्यानं. जनावरं लांब राहावीत म्हणून असेल. मला काय कळणार? पण मधूनच आमच्या नदीचं नाव यायचं. ऐकलं नि म्हटलं, या डोंगरात संध्याकाळी हडसनला नावानं हाक मारणारं दुसरं कोण असणार? त्या बाजूला गेलो."

मंदे, ज्या श्लोकाची मला लाज वाटली, त्यानं तुला खाली आणलं.

मी विचारलं, "सगळं माहीत असून तुम्ही बोलला नाहीत? शिट्टी द्यायला निघालात?"

"मी डोळ्यांनी मोजलं नाही, हे खरंच आहे. तुझं खोटं वेगळं, माझा आळस वेगळा. एकात एक मिसळू नकोस."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर कॉन्स्टन्सला शिट्टी वाजवता येते का ते बघितलं असतं." मग टोपी डोक्यावर चढवली, गोंडा मागं टाकला. "शेवटचा माणूस येईपर्यंत पुढच्यानं थांबायचं असतं, वासांती. मी थांबलो होतो."

आज सभा झाली. अग्निशमनवाल्यांचा हॉल, घडीच्या खुर्च्या, बारा माणसं, भोपळ्याचं 'पाय' (इकडचं भट्टीत भाजलेलं पक्वान्न). वेसराव लाल टोपी घालून आले, कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "माननीय माणसाची टोपी आहे, हात लावू नका." (तो शब्द तेवढा मी त्यांना भाषांतर करून सांगितला होता.) विषयपत्रिकेवर त्यांचं नाव यायच्या आधी मी उठले. यावेळी अलंकार वापरले नाहीत. फीत माझ्या पाठीवर होती, मी माणूस मागं सोडला, आणि विचारल्यावर खोटं बोलले. कड्यावरचंही सांगितलं. श्लोक मला येतो, हेही.

मग कॉन्स्टन्स म्हणाली, "पण तू म्हणालीस ती गाडीत झोपलीय."

"हो."

"मी तिच्यासाठी डोनट दिला होता. कागदी पिशवीत. गरम होता."

"हो."

"त्याचं काय केलंस?"

"खाल्ला," मी म्हटलं. "गाडीत. वर जायच्या आधी."

हे मला सभेत विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. बाकी सगळ्याची तयारी मी केली होती. खोटं, फीत, घोटा, या सगळ्याला शब्द आहेत. तू वर पानांत वाट शोधत होतीस तेव्हा मी तुझ्या वाटणीचा डोनट खात होते, आणि तो चांगला लागला होता. बोटं चाटून पुसली, मंदे.

ठराव असा झाला: शिट्टी वेसरावांकडे राहील, पाय बरा होईपर्यंत ते खालून वही सांभाळतील, आणि यापुढं सगळ्यांच्या देखत डोकी मोजतील. फीत माझ्याकडून काढून घेतली. मी पाठपिशवी बरोबर नेलीच होती. गाठ मात्र मला सुटेना, शेवटी कॉन्स्टन्सनं सोडवली. यापुढं मी मध्ये चालायचं, पुढच्याला आणि मागच्याला, दोघांनाही दिसेन अशी. माझ्या वयाला आणि पदवीला ही जागा योग्यच आहे. गुरुवारच्या बैठकीचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. निघताना मात्र ती थांबून म्हणाली, "त्या दिवशी तिनं माझ्या दंडावर थोपटलं तेव्हा हवेबद्दल बोलत नव्हती ना?"

मी खरं भाषांतर करून सांगितलं. तिनं काठ्या उचलल्या आणि गेली. दारात जरा अडखळली.

तर आता ती अध्याहृत विनंती. माफ कर असं मी लिहिणार नाही. तू केव्हाच करून मोकळी होशील, तुझी ती खोड मला माहीत आहे, आणि ते मला फार स्वस्तात पडेल. एवढंच कर: 'चुकलं गं' हे तुझं वाक्य मला परत पाठव. ते माझं आहे. आणि बाटलीतल्या पाण्याबद्दल वेसरावांना विचारलं. ते म्हणाले, "परत कशाला? आमची नदी दिवसातून दोनदा मागं फिरते. तिला सवय आहे. सोडा म्हणावं तिकडे." तेव्हा सोड कृष्णेत. सोडताना जे म्हणशील त्यात हिचं नाव तसंच राहू दे, अक्षरं बसतात. हे मी तिथंच, कड्यावर, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या आठव्या तारखेचं तिकीट काढलं आहे. घाटाच्या पायऱ्या उतरताना तू पुढं हो, हवी तेवढी सावकाश. मी मागून येईन. 'बस तिथं, मी आलेच' हे मात्र आता तुला लिहीत नाही. त्या वाक्याला माझ्या तोंडी किंमत राहिलेली नाही. पोचले की दिसेनच.

तुला दगडावर बसवून गेलेली,
वासू